पांढरं झाकण, लाल झाकण

माझ्या धाकट्या दिरांना सगळी गल्ली झुरळकाका म्हणते. ते पेस्ट कंट्रोलचं काम करतात, म्हणजे लोकांच्या घरातली झुरळं, वाळवी, ढेकूण, मुंग्या यांचा बंदोबस्त. दुसऱ्या कुणाला असलं नाव पडलं असतं तर त्याने भांडण काढलं असतं. आमचे भावोजी खूश! "वहिनी, झुरळं माणसाच्या कितीतरी आधी या पृथ्वीवर आली. वडीलधाऱ्यांचं नाव लागलंय मला," असं वर मलाच ऐकवतात.

मूळचे ते एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होते. किडे टाचणीने लाकडी पेटीत टाचायचे, खाली नाव लिहायचं, डांबराच्या गोळ्या बदलायच्या, हे काम. पुढे प्रयोगशाळा बंद पडली, पेट्या अडगळीत गेल्या आणि भावोजींनी पाठीवर पंप घेतला. ज्यांना जीव लावला त्यांनाच मारायचं नशिबी आलं. त्यामुळे कुठल्याही घरी गेले की फवारण्याआधी पाच मिनिटं किड्यांचं कौतुक होतं. गिऱ्हाईक बिचारं पाय वर घेऊन खुर्चीत बसलेलं, आणि हे ओट्याखाली डोकं घालून म्हणतात, "वा! काय तजेलदार पिल्लं आहेत!"

लग्न राहूनच गेलं. एक मुलगी पसंत होती, तिलाही हे पसंत होते. दुसऱ्या भेटीत यांनी तिच्या तळहातावर हिरवा चकचकीत भुंगा ठेवला. ती गेली ती गेलीच. भुंगाही उडून गेला, आणि इतक्या वर्षांनी भावोजी हळहळतात ते भुंग्यासाठी.

ते आमच्याच घरात राहतात, मागच्या व्हरांड्याला लागून असलेल्या खोलीत. माझ्या नवऱ्याचा फोटो स्टुडिओ आहे. तो सकाळी जातो तो संध्याकाळी येतो, आणि घरातल्या कुठल्याही भांडणात 'दोघांचंही बरोबर आहे' एवढंच म्हणतो. म्हणजे दिवसभर घरात मी, येऊन-जाऊन भावोजी, आणि अकरा वर्षांपासून बोळा.

बोळा म्हणजे त्यांचा कुत्रा. एका पुठ्ठ्याच्या गोदामात ते फवारायला गेले होते. कोपऱ्यात चुरगाळलेल्या कागदांचा ढीग होता, त्यातला एक बोळा हलला. गोदामवाला म्हणाला, चालू द्या तुमचं, ते जाईल आपोआप. भावोजींनी पंप खाली ठेवला, तो बोळा शर्टात घातला आणि तडक घरी आले. त्या दिवशीची झुरळं वाचली, आणि माझ्या मागे हे लचांड लागलं.

लचांड का म्हणते? तर पहिल्याच आठवड्यात माझ्या तीन मैत्रिणी चहाला आलेल्या असताना या महाशयांनी सोफ्याखालून एक भलंमोठं झुरळ काढलं आणि आमच्यासमोर बसून खाल्लं. कुर्रम कुर्रम आवाज करत. एक मैत्रीण उठून न्हाणीघरात गेली ती बराच वेळ आली नाही. माझं तर डोकंच फिरलं. रात्रीच्या जेवणाला मी भावोजींना फैलावर घेतलं.

"तुमचं कुत्रं किडे खातं!"

"खाणारच," ते शांतपणे म्हणाले. "वहिनी, तुम्ही कोळंबी आवडीने खाता की नाही? झुरळ म्हणजे तिची लांबची बहीण."

त्या दिवसापासून मी कोळंबी खाल्लेली नाही. भावोजींनी मात्र व्याख्यान पुरं केलं. माशी, नाकतोडा, पतंग, एखादं झुरळ कुत्र्याने खाल्लं तर घाबरायचं कारण नाही. फार खाल्ले तर पोट बिघडेल, कवच नीट पचत नाही. काही किड्यांतून जंत होतात, म्हणून जंतांचं औषध वेळच्या वेळी द्यायचं. मधमाशी, गांधीलमाशी तोंडात गेली तर सूज येते, तेव्हा धावायचं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे औषधाने मेलेला किडा. "जिवंत किडा म्हणजे खाऊ. मेलेला दिसला की आधी विचारायचं, हा मेला कशाने?"

हे व्याख्यान मी अकरा वर्षांत किती वेळा ऐकलं याची गणती नाही. गिऱ्हाइकांचे फोन यायचे, "काका, आमच्या कुत्रीने पाल सोडून दिली आणि पतंग खाल्ला, काय करू?" की यांचा पट्टा सुरू. मी पोळ्या लाटत असले की मुद्दाम लाटणं आपटायची, म्हणजे आपण ऐकत नाही हे त्यांना कळावं.

त्यांच्या कामाची आणखी एक रीत होती, आणि माझ्या रागाचं दुसरं घर तेच होतं. फोटो स्टुडिओतल्या फिल्मच्या जुन्या डब्या त्यांनी गोळा करून ठेवल्या होत्या. औषध मारण्याआधी प्रत्येक घरातले दोन-चार किडे पकडून ते एका डबीत आणायचे, कुठली जात आहे ते बघायला. चार दिवसांनी परत त्याच घरी जायचे आणि मेलेले किडे दुसऱ्या डबीत आणायचे, औषध नीट लागू पडलं का ते बघायला. आधीच्या डबीला पांढरं झाकण, नंतरच्या डबीला लाल. पांढरा होता भिंतीचा रंग. लाल होतं माझं नेलपॉलिश, न विचारता घेतलेलं. या डब्या मागच्या व्हरांड्यातल्या फळीवर ओळीने मांडलेल्या, माझ्या धुतलेल्या बरण्यांच्या शेजारी! सांगून सांगून माझी जीभ झिजली.

शेवटी एका सोमवारी माझा संयम संपला. बोळ्याने माझ्या चपलेत अर्धवट खाल्लेला नाकतोडा आणून ठेवला होता आणि मी पाय घातला. मी इतकी ओरडले की शेजारच्या बाईने खिडकी उघडली. "भावोजी, आता बस झालं! या घरात एक तर हे कुत्रं राहील, नाही तर मी!"

भावोजींनी माझ्या चपलेतला नाकतोडा काढला. बोळ्याने शेपटी हलवली. माझा नवरा म्हणाला, दोघांचंही बरोबर आहे.

हे सोमवारी झालं. बुधवारी त्याच तीन मैत्रिणी चहाला यायच्या होत्या, तेव्हा सकाळी दहाला मी व्हरांडा धुवायला काढला. फळीवर सहा डब्या होत्या. चार पांढऱ्या, दोन लाल. लाल मी उघडल्याही नाहीत, तशाच उचलून झाकणाच्या कचरापेटीत टाकल्या. पांढऱ्या चार उघडून सुपलीत पालथ्या केल्या. पहिल्यात दोन बारकी झुरळं, दुसरीत पंखवाल्या मुंग्या, तिसरीत काहीच नाही. चौथीतून बाटली धुवायच्या ब्रशसारखं काहीतरी पडलं, आणि ते हललं. माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात दारावरची बेल वाजली, कुरिअरवाला आला होता. सुपली पायरीवर ठेवून मी गेले, सही केली, परत आले. सुपली लख्ख.

बोळा शेजारी बसून जिभल्या चाटत होता.

खरं सांगते, मला हसू आलं. म्हटलं, चला, टाकायचे कष्ट वाचले. जिवंत किडा म्हणजे खाऊ, हे यांचंच म्हणणं. मी चारही डब्या आणि चारही झाकणं साबणाने धुतली आणि फळीवर ओळीने पालथी घातली. मला रिकामं भांडं उताणं बघवतच नाही. माझ्या घरी औषधाचं टोपण वापरलं तरी ते धुऊन पालथं पडतं.

मागे वळून बघितलं तर बोळा पुढच्या पंजाने तोंड ओरबाडत होता. लाळेची तार जमिनीपर्यंत. मग मान झटकली, ओकारी काढली, पण बाहेर काही आलं नाही. माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांत मी त्या कुत्र्याच्या डोळ्यांकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. आता बघितलं, आणि तशीच फोनकडे धावले.

भावोजींना फोन लावला. "तुमच्या कुत्र्याच्या तोंडाला फेस येतोय. लवकर या."

दहा मिनिटांत त्यांची व्हॅन दारात. पाठीवरचा पंपही उतरवला नव्हता. व्हरांड्यात आले, एकदा बोळ्याकडे बघितलं, एकदा फळीकडे. चेहरा पांढराफटक. "किती वेळ झाला, वहिनी?"

"वीस मिनिटं."

बास, एवढंच विचारलं. कुत्र्याला उचललं आणि निघाले. मी एक टॉवेल घेऊन मागोमाग धावले आणि व्हॅनमध्ये त्यांच्या शेजारी बसले. बोळा माझ्या मांडीवर. त्या कुत्र्याला मी आयुष्यात पहिल्यांदा मांडीवर घेत होते. त्याची लाळ माझ्या गुडघ्यावरून पायात उतरत होती.

सांगायचं होतं मला. तोंडापर्यंत आलं होतं. पण भावोजी सबंध रस्ताभर बोळ्याशीच बोलत होते. "चुकलं रे माझं. फळी खाली ठेवायला नको होती. वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवतो आणि स्वतःच्या घरात विष उघडं ठेवतो." मी काय सांगणार? सोमवारी मी गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले होते की एक तर कुत्रं राहील, नाही तर मी. आता म्हणायचं की मी किडे पायरीवर ठेवले आणि ते त्याने खाल्ले? कोण म्हणणार की मुद्दाम नव्हतं? मी स्वतः तरी म्हटलं असतं का?

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरबाई एकट्याच होत्या. भावोजींना ओळखत होत्या. त्यांच्या दवाखान्यातले गोचीड यांनीच घालवलेले. बोळ्याला टेबलावर ठेवलं. तो आता थरथरत होता आणि सारखा घोट गिळत होता.

"काय खाल्लंय याने?"

भावोजींनी एकदा गळा साफ केला. "माझ्या डब्या उघड्या राहिल्या. लाल झाकणाच्या दोन. त्यातले औषधाने मेलेले किडे. एकीत जेलचं औषध खाऊन मेलेली झुरळं, दुसरीत फवारणीने मेलेले ढेकूण. नेमके किती, आठवत नाही."

माझ्या डब्या उघड्या राहिल्या, म्हणाले. मी बघतच राहिले.

"मग आधी पोटातलं बाहेर काढू," म्हणत डॉक्टरबाई कपाटाकडे वळल्या. "ओकारीचं इंजेक्शन देते, मग उरलेलं विष शोषायला कोळशाची पावडर." सुई भरली. बोळ्याचा पाय धरायला भावोजी पुढे झाले, आणि त्याच्या कानाशी वाकून पुन्हा म्हणाले, चुकलं रे माझं.

"थांबा," मी म्हणाले.

दोघांनी वळून बघितलं.

"लाल झाकणाच्या डब्या त्याने खाल्ल्या नाहीत. त्या मी कचरापेटीत टाकल्या, न उघडता. झाकण लावलेल्या पेटीत. मी पांढऱ्या उघडल्या. मीच सुपलीत ओतल्या आणि पायरीवर ठेवून दाराकडे गेले. भावोजींचं काही चुकलेलं नाही." मग घाईघाईने जे दिसलं होतं ते सगळं सांगितलं. दोन बारकी झुरळं. पंखवाल्या मुंग्या. "आणि एक ब्रशसारखं. केसाळ. जिवंत होतं."

भावोजींनी कपाळावर हात मारला. "सुरवंट! परवा कुंडीतून आणलेला!"

डॉक्टरबाईंनी सुई खाली ठेवली. बोळ्याचा जबडा उघडून दिवा जवळ ओढला. मीही वाकून बघितलं. लालभडक सुजलेली जीभ, आणि त्यावर पिवळट बारीक केस रुतलेले, जिभेला दाढी फुटल्यासारखे. "बरं झालं बोललात," त्या म्हणाल्या. "ओकारी काढली असती तर हेच केस वर येताना पुन्हा घशात टोचले असते, आणि सूज आणखी वाढली असती."

पुढचा अर्धा तास आम्ही तिघं त्या तोंडाशी झटत होतो. ओठांवरचे केस डॉक्टरबाईंनी चिकटपट्टीने उचलले, जिभेवरचे चिमट्याने एकेक काढले, पाण्याने तोंड पुन्हा पुन्हा धुतलं, सूज उतरायचं इंजेक्शन दिलं. भावोजींनी जबडा धरला होता, मी टॉर्च. मध्येच माझी मान अवघडली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी बोळ्याचं डोकं दुसऱ्या हाताने कुरवाळत होते, कधीपासून कोण जाणे.

केस संपले, थरथर थांबली. बोळ्याने डॉक्टरबाईंच्या टेबलावरून चाललेल्या एका माशीकडे आशेने बघितलं, आणि आम्हा तिघांचा जीव भांड्यात पडला.

तेव्हा कुठे भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील, आणि मी ऐकून घ्यायची तयारी केली. त्यांनी विचारलं ते भलतंच.

"लाल डब्या तुम्ही उघडल्या नाहीत. का?"

"का म्हणजे? लाल म्हणजे औषधाने मेलेले. पांढरं म्हणजे औषध लागलेलं नाही. तुम्हीच तर रोज घोकता."

"म्हणजे, वहिनी," ते अगदी सावकाश म्हणाले, "तुम्ही ऐकत होतात?"

मी टॉवेल उचलला. "कानात बोळे घालून पोळ्या लाटता येतात का?" असं काहीतरी म्हणाले आणि टॉवेल झटकत बाहेर आले.

परत येताना बोळा माझ्याच मांडीवर झोपला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना? घरी आलात तेव्हाच?"

"डब्या धुऊन पालथ्या घालणारं आपल्या घरात दुसरं कोण आहे?" ते समोर बघत म्हणाले. "पालथ्या डब्या दिसल्या तेव्हाच कळलं. फक्त मोजायचं राहिलं. सहाच्या जागी चारच आहेत हे बघितलं असतं तर लाल डब्यांचं नाव घेतलं नसतं. मला आपलं विषच दिसतं सगळीकडे."

"मग डॉक्टरांपुढे स्वतःवर का घेतलंत?"

"सोमवारचं तुमच्या मनात असणार. म्हटलं, उगाच आणखी ओझं कशाला."

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू? "आणि मी बोललेच नसते तर?"

भावोजींनी एक हात सोडून बोळ्याचा कान चोळला. "बोललात ना," ते म्हणाले. सिग्नल सुटला.

चार वाजता मैत्रिणी आल्या. बोळा सोफ्यावर झोपला होता, माझ्या चांगल्या चादरीवर, जिथे त्याला अकरा वर्षं पाऊल ठेवायची बंदी होती. एकीने त्याला हलवायला हात पुढे केला तर मी तिला खुर्ची दाखवली. न्हाणीघरवाली मैत्रीण म्हणाली, "अगं, हे अजून किडे खातं का?" मी चहा ओतता ओतता तिला सगळं समजावून दिलं. माशी, नाकतोडा, पतंग चालतो. जंतांचं औषध द्यायचं. मेलेला दिसला की विचारायचं कशाने मेला. डंखवाल्यापासून आणि केसाळापासून मात्र लांब. बोलता बोलता ऐकू आलं की व्हरांड्यातली ठाकठोक थांबली आहे. भावोजी फळी वर चढवत होते, ते हातोडी धरून ऐकत उभे राहिले होते. मी मुद्दाम चमचा कपावर आपटला.

दुसऱ्या दिवशी बाजारातून मी निळ्या नेलपॉलिशची बाटली आणली आणि काही न बोलता त्यांच्या टेबलावर ठेवली. ज्यात औषध नाही पण तरीही धोका आहे, अशांसाठी. सुरवंट, गांधीलमाशी, असले.

संध्याकाळी नव्या उंच फळीवर तीन रंगांची झाकणं ओळीने लागली. निळ्या झाकणाच्या डबीवर भावोजींनी चिठ्ठीही चिकटवली होती, प्रयोगशाळेतल्या त्या जुन्या सुबक अक्षरात, जिथे किड्याचं नाव लिहायचं तिथे: 'उघडण्याआधी वहिनींना विचारावं.'

मी स्टूल घेऊन चढले आणि डबी उघडून बघितली. रिकामीच होती. तरी खाली आणली, चिठ्ठी भिजू न देता धुतली, आणि पालथी घातली.